हायब्रिड गाडी एक्सचेंजला कधी टाकायची?

आपल्याकडे गाडी बदलण्याचा एक ठरलेला हिशोब आहे: पाच वर्षं झाली की काढायची. डिझेलच्या काळात तो बरा चालायचा. टर्बो, इंजेक्टर, क्लच यांची कामं साधारण त्याच सुमारास निघायची आणि गाडी बाजारात खपायचीही. हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेल्या गाडीला, हा हिशोब लागू पडत नाही. तरीही शोरूममधून फोन आला की अनेकजण त्याच चालीने निघतात.

होंडा सिटी ई-एचईव्ही, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा २०२२ मध्ये आल्या, वर्ष सरता सरता टोयोटाचीच इनोव्हा हायक्रॉसही आली. त्या पहिल्या लॉटमधल्या गाड्या आता चार वर्षांच्या होत आल्यात, त्यामुळे ठेवायची की द्यायची हा प्रश्न कोल्हापुरात बऱ्याच घरांत आहे. माझं मत आधीच सांगतो. हायब्रिड द्यायची असेल तर मोठ्या (हायब्रिड) बॅटरीची किमान दोन वर्षांची वॉरंटी शिल्लक असताना द्या, नाहीतर थकेपर्यंत वापरा. वॉरंटी संपत आल्यावर किंवा नुकती संपल्यावर विकणं सगळ्यांत तोट्याचं. त्या काळात गाडी ठणठणीत असते, पण घेणाऱ्याच्या मनात बॅटरीची भीती असते आणि तिची किंमत तो तुमच्याकडून वसूल करतो.

आधी बघा, गाडी नेमकी कोणती हायब्रिड आहे

हा भाग एका मिनिटाचा. अर्टिगा, ब्रेझा, सियाझ यांच्यावरचं ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणजे माइल्ड हायब्रिड. त्यात छोटी बॅटरी इंजिनाला थोडा हात देते, पण गाडी नुसत्या बॅटरीवर चालत नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडर दोन्ही प्रकारांत मिळतात. तुमची गाडी सिग्नलवरून इंजिन सुरू न करता गुपचूप पुढे सरकत असेल, तर ती स्ट्राँग हायब्रिड. माइल्डवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांची गाडी बाजारात पेट्रोल गाडी म्हणूनच बघितली जाते आणि पेट्रोल गाडीचाच हिशोब तिला लागतो.

वॉरंटीची दोन घड्याळं

टोयोटा, मारुती आणि होंडा तिघांचीही हायब्रिड बॅटरीवरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, यांपैकी जे आधी होईल ते. सगळी मेख या ‘जे आधी होईल’मध्ये आहे.

समजा, गोकुळ शिरगावला फाउंड्री असलेले एक उद्योजक आठवड्यातून एक-दोनदा पुण्याला जातात, मध्ये एखादी बेंगळुरूची फेरी असते आणि वर्षाला ४०,००० किलोमीटर होतात. त्यांची वॉरंटी चार वर्षांत संपते. ऑक्टोबर २०२२ ची गाडी असेल तर ऑक्टोबर २०२६ ला. कागदावर २०३० दिसतं म्हणून ते निवांत असतात, पण त्यांच्यासाठी २०३० ला काहीच अर्थ नाही. उलट राजारामपुरीतल्या एखाद्या डॉक्टरांची गाडी घर, दवाखाना आणि महिन्यातून एकदा जोतिबा-पन्हाळा एवढीच फिरते, वर्षाला ८,००० किलोमीटर. त्यांचं किलोमीटरचं घड्याळ कधीच संपत नाही. त्यांना खरोखर २०३० पर्यंत वेळ आहे आणि ‘दोन वर्षं शिल्लक’ हा टप्पा २०२८ ला येतो.

तेव्हा कागद घेऊन बसा. आजचं किलोमीटर रीडिंग, वर्षाची सरासरी आणि गाडी हातात आल्याची तारीख लिहा. दोन्हींपैकी जी तारीख आधी येते, तिच्या दोन वर्षं मागे खूण करा. ती तुमची ‘द्यायची तर आत्ता’ची तारीख. रनिंग फार असेल तर दोन वर्षांऐवजी ३०,००० ते ४०,००० किलोमीटर शिल्लक धरा, कारण पुढचा मालक तुमच्याइतकी गाडी पळवणार नाही.

सर्व्हिस सेंटरला एक गोष्ट लेखी विचारून ठेवा: वॉरंटी, विशेषतः पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी, नव्या मालकाकडे कशी जाते आणि त्यासाठी काय अर्ज लागतो. हा कागद दाखवला की सौदा करणाऱ्याची भाषा बदलते.

बॅटरी खरंच कशी आहे?

इथे सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबतो.

या गाड्यांची बॅटरी आकाराने लहान असते. हायरायडर-ग्रँड विटाराची लिथियम-आयन बॅटरी एक युनिट विजेइतकीसुद्धा नाही. हायक्रॉसची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी तिच्यापेक्षा मोठी, पण इलेक्ट्रिक गाडीच्या तुलनेत ती फारच छोटी. गाडीचा संगणक या बॅटरीला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. त्यामुळे ती मोबाइलच्या बॅटरीसारखी दोन-तीन वर्षांत बसत नाही. तिचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. बॅटरी थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतली हवा ओढतो. त्याची जाळी मॉडेलप्रमाणे सीटजवळ किंवा डिकीच्या बाजूला असते. तिच्यापुढे पिशव्या, उशा, बाजाराचं सामान रचून ठेवलं किंवा धूळ साचू दिली की बॅटरी तापते. शेतातल्या रस्त्यांची धूळ आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून केलेला प्रवास यामुळे आपल्याकडे ही जाळी लवकर भरते. सर्व्हिसिंगला ती साफ केली का, हे विचारायची सवय ठेवा.

घरच्या घरी तपासायचं तर पन्हाळ्याचा रस्ता उत्तम. चार माणसं बसवा, एसी लावा, वाघबीळवरून वर चढा आणि परत उतरा. स्क्रीनवरच्या बॅटरीच्या पट्ट्यांकडे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. चढताना पट्ट्या हळूहळू कमी व्हायला हव्यात, उतरताना हळूहळू भरायला हव्यात. काही सेकंदांत भरलेल्याच्या रिकाम्या आणि रिकाम्याच्या भरलेल्या होत असतील, किंवा पंखा सारखा जोरात घोंघावत असेल, तर बॅटरी थकू लागल्याची ती खूण आहे.

आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरताना मात्र मध्येच इंजिन मोठ्याने फिरू लागलं तर घाबरू नका. बॅटरी भरल्यावर उताराची जास्तीची शक्ती ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी इंजिनाचा ब्रेक वापरते. हे नीट चालू असल्याचं लक्षण आहे. याच आवाजाला घाबरून गाडी विकायला निघालेले लोक मला माहीत आहेत.

दुसरा गैरसमज साध्या बॅटरीचा. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती कमजोर झाली की स्क्रीनवर भलभलते इशारे येतात, कधी गाडी ‘रेडी’च होत नाही आणि मालकाला वाटतं मोठी बॅटरी गेली. व्हॅल्युएशनच्या आधी ही छोटी बॅटरी तपासून घ्या आणि जुनी असेल तर बदला. काही हजारांच्या या खर्चामुळे व्हॅल्युएटरच्या समोर इशाऱ्याचे दिवे लागण्याची नामुष्की टळते.

तिसरी तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरची. हायब्रिड सिस्टिम स्कॅन करून घ्या आणि तारीख, किलोमीटर घातलेला रिपोर्ट छापून मागा. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाच्या) कूलंटची पातळीही बघायला सांगा. केशरी रंगाच्या जाड केबल म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या तारा. शिवाजी उद्यमनगरात हाताला जादू असलेले मिस्त्री आहेत, इंजिनाच्या कामात त्यांना तोड नाही, पण प्रशिक्षण आणि साधनं नसतील तर या तारांना हात लावू देऊ नका. गाडी शेतघरात उभी राहत असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, तेही बघा.

ॲव्हरेज कमी झालं म्हणून गाडी काढणाऱ्यांसाठी एक आकडेमोड. वर्षाला १२,००० किलोमीटर, ॲव्हरेज २२ वरून १९ वर आलं आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर जास्तीचा खर्च वर्षाला सुमारे ९ हजार रुपये. एवढ्यासाठी कुणी वीस लाखांची गाडी घेत नाही. आणि ॲव्हरेज कमी होण्यामागे टायरमधली हवा, चिकटलेला ब्रेक, इथेनॉलमिश्रित पेट्रोल अशीही कारणं असतात. इथेनॉलच्या पैशावर आपला ऊस-पट्टा चालतो, त्यामुळे त्याबद्दल कोल्हापुरात तरी फार कुरकुर करता येत नाही! बदललेलं रनिंगही कारण असू शकतं. हायब्रिडचा खरा फायदा दसरा चौक ते कावळा नाका अशा थांबत-चालत रस्त्यावर. हायवेला सलग १०० च्या वेगात तो बराच आटतो.

ठेवण्याचा आणि बदलण्याचा हिशोब

लोक ‘जुन्याचे किती येतात’ एवढंच विचारतात. विचारायचं असतं ते हे की पुढची पाच वर्षं कोणती गाडी किती खाईल. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा आज तुमच्या गाडीला १३ लाख मिळतात आणि पाच वर्षांनी साडेसहा मिळतील. घसारा वर्षाला १ लाख ३० हजार. विमा ३५ हजार, सर्व्हिसिंग आणि टायर मिळून ३५ हजार. एकूण वर्षाला २ लाख.

नवी गाडी ऑन-रोड २२ लाख, पाच वर्षांनी ११. घसारा वर्षाला २ लाख २० हजार. विमा ५० हजार, सर्व्हिसिंग २० हजार. वरचे ९ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर व्याज सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४४ हजार. एकूण वर्षाला ३ लाख ३४ हजार.

फरक वर्षाला १ लाख ३४ हजार, पाच वर्षांत ६ लाख ७० हजार. आता सर्व्हिस सेंटरकडून नव्या हायब्रिड बॅटरीचं मजुरीसकट लेखी कोटेशन घ्या आणि या रकमेशेजारी ठेवा. बॅटरी जाईलच असं नाही, पण गेली तरी हिशोब कुठे बसतो ते लगेच कळतं. ज्यांना ‘थकेपर्यंत वापरा’ हा पर्याय कंजूषपणाचा वाटतो, त्यांनी ही बेरीज एकदा करावीच.

नव्या गाडीच्या किमतीत लपलेला एक खर्च आहे, तो कधीच परत येत नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर एकरकमी रोड टॅक्स लागतो: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ आणि त्यावर १३. एक्स-शोरूम १८ लाखांची गाडी घेतली की २ लाख १६ हजार आरटीओला गेले. हायब्रिड म्हणून आपल्याकडे त्यात सूट नाही. दर चार वर्षांनी गाडी बदलणारा माणूस हा टॅक्स दर चार वर्षांनी भरतो. १० लाखांवरच्या गाडीवर घेतला जाणारा १ टक्का टीसीएस (खरेदीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर) मात्र विवरणपत्रात वळता करून मिळतो, तो विसरू नका.

जीएसटीनेही चित्र बदललंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरवरच्या हायब्रिड गाड्यांवरचा कर ४३ टक्क्यांवरून ४० वर आला आणि साध्या पेट्रोल मोठ्या गाड्याही ४० वरच आल्या. तुमच्या जुन्या गाडीची किंमत आजच्या नव्या गाडीच्या भावावरून ठरते, तुम्ही २०२२ मध्ये किती मोजले यावरून नाही. त्यातच त्या महिन्यात मारुतीने ग्रँड विटारातलंच १.५ लिटरचं स्ट्राँग हायब्रिड यंत्र घालून व्हिक्टोरिस आणली. असं नवं मॉडेल आलं की जुन्या भावंडांच्या किमती खाली रेटल्या जातात. विकायचं नक्की असेल तर नव्या पिढीच्या बातम्या सुरू होण्याआधी विका.

पुराचा प्रश्न येणारच

कोल्हापूरची गाडी म्हटली की बाहेरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘पुरात होती का?’ २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवतो सगळ्यांना. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. तो आकडा वाढायला लागला की शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीतले लोक गाड्या उंचावर हलवतात. पेट्रोल गाडीत पाणी शिरलं तर नुकसान होतं, हायब्रिडमध्ये तर बॅटरी आणि तिच्या जोडण्या डिकीत किंवा सीटखाली, म्हणजे खालच्याच पातळीवर. म्हणून व्हॅल्युएटर सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाची रेघ बघतो, कार्पेट उचलतो, सीटच्या रुळांवर गंज शोधतो.

तुमची गाडी कोरडी राहिली असेल तर तसा पुरावा जपा: पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसची नोंद, विम्याचा क्लेम नसल्याचा कागद. पाणी केबिनमध्ये आलं असेल तर ते लपवू नका. विम्याच्या आणि सर्व्हिसच्या नोंदीत ते दिसतंच, आणि मग बाकी खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. अशी गाडी दुरुस्त होऊन व्यवस्थित चालत असेल, तर वॉरंटीचा टप्पा विसरा आणि स्वतःच वापरा.

भाव काढताना

किमान तीन ठिकाणी व्हॅल्युएशन करा: तुमच्याच कंपनीचं सेकंडहँड दालन, ज्यांची नवी गाडी घेताय ते आणि एखादा ऑनलाइन खरेदीदार किंवा गावातला एजंट. तुमच्या कंपनीच्या दालनाला हायब्रिडची भीती कमी असते, कारण बॅटरी तपासायची यंत्रणा त्यांच्याकडेच असते. ज्याला हायब्रिड कळत नाही, तो भीतीपोटी भाव पाडतो.

शोरूममध्ये आकडे एकत्र कालवून देतात. ‘सगळं मिळून एवढं’ हे ऐकू नका. जुन्या गाडीची किंमत, एक्सचेंज बोनस, रोख सूट आणि विम्याची रक्कम, हे चार आकडे वेगवेगळे लिहून घ्या. जुन्याला पन्नास हजार वाढवून दिले आणि नव्याची सूट तेवढीच कापली, हा खेळ नेहमीचा. आणि जुनी गाडी दिली म्हणून नव्या गाडीवरचा जीएसटी कमी होत नाही.

थेट विकलीत तर बहुधा जास्त पैसे मिळतात, पण कटकटही तुमची. एमएच-०९ पासिंगची गाडी सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गात सहज जाते. बेळगावचा गिऱ्हाईक कमी भाव सांगतो त्यामागे कारण आहे: त्याला आपल्या आरटीओची एनओसी घेऊन कर्नाटकचा टॅक्स पुन्हा भरावा लागतो.

वेळेचं म्हणाल तर पाडवा आणि दसऱ्याला नवी गाडी दारात उभी करायची आपली हौस मी समजू शकतो. पण त्याच आठवड्यात सगळेच जुन्या गाड्या आणून टाकतात आणि दालनात जागा उरत नाही. सणाच्या महिनाभर आधी व्हॅल्युएशन करून घ्या. पितृपक्षात जुनी विकायला जाऊ नका. डिसेंबरात नव्यावर सूट चांगली मिळते, पण त्या गाडीचं उत्पादन वर्ष लगेच एकाने जुनं होतं. दहा वर्षं वापरणार असाल तर त्याने काही बिघडत नाही.

डेंटिंग-पेंटिंगवर पैसे घालू नका, व्यापारी ते स्वस्तात करतो. दोन्ही चाव्या, सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, हायब्रिड रिपोर्ट, पीयूसी आणि थकलेले ई-चलान भरल्याच्या पावत्या एवढं तयार ठेवा. नव्या गाडीची डिलिव्हरी तारीख पक्की झाल्याशिवाय जुनी सोडू नका. वेटिंग लांबलं की रिक्षाच्या भाड्यात बोनस निघून जातो.

गाडी दिल्यानंतर

कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवा. व्यक्तीला विकताना मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरा. व्यापाऱ्याला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का बघा. असेल तर फॉर्म २९-सी ने गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद होते आणि तेव्हापासून जबाबदारी त्याच्यावर जाते. प्रमाणपत्र नसेल तर गाडी महिनोन्‌महिने तुमच्याच नावावर फिरत राहते, आणि अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने घ्याच.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ५० टक्के साठला असेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात तेवढी सूट मिळते आणि हे पत्र तीन वर्षं चालतं. फास्टॅग बंद करा, नाहीतर किणी टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील. मोबाइलवरचं कनेक्टेड ॲप गाडीपासून तोडा, गाडीच्या स्क्रीनवरचे फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसा. महिन्याभराने एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का बघा. बदललं नसेल तर पावती घेऊन थेट आरटीओ गाठा.